‘येऊ का घरात?’ असं विचारणारा माणूस

लालबागच्या चाळीतली दुपार. दार सताड उघडं. शेजारच्या वहिनी हातात वाटी घेऊन उंबऱ्याशी येतात आणि विचारतात, येऊ का घरात? आता खरं सांगा, याला कुणी कधी नाही म्हटलंय का? तुम्ही हो म्हणायच्या आत त्यांचा एक पाय आत असतो. पुढचा प्रश्न ठरलेला, साखर आहे का. तुम्ही नुसतं आहे म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलंत, तर आई तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर तुम्हाला ठाऊक आहे. कारण वहिनींना तुमच्या घरच्या साठ्याची माहिती नको होती, वाटीभर साखर हवी होती.

१९९२ मध्ये हेच तीन शब्द सिनेमाच्या पोस्टरवर आले. ‘येऊ का घरात?’ आणि सोबत नाव, दादा कोंडके. झालं! उंबऱ्यावरचा तो साधासुधा प्रश्न एकदम वेगळाच वाटायला लागला. गंमत बघा, एकही अक्षर बदललेलं नाही. बदललं ते फक्त बोलणारं तोंड.

दादा गेले तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. तुमच्यापर्यंत ते पोचलेत ते मीम्समधून, व्हॉट्सअॅपच्या स्टिकरमधून, नाहीतर टीव्हीवर रविवारी दुपारी लागणाऱ्या सिनेमातून. आखूड चड्डी, तिचा गुडघ्यापर्यंत लोंबणारा नाडा आणि चेहऱ्यावर जगातलं काहीच कळत नसल्याचा भाव. द्व्यर्थी संवाद म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच. पण हे द्व्यर्थी प्रकरण चालतं कसं, हे समजून घ्यायचं तर आधी नायगावला जायला हवं.

८ ऑगस्ट १९३२ ला नायगावच्या एका चाळीत कृष्णा कोंडके यांचा जन्म झाला. मूळ गाव भोरकडचं इंगवली. घरची माणसं बॉम्बे डाइंगमध्ये कामाला. पोरगा दांडगट, गल्लीतल्या मारामाऱ्यांमध्ये पुढे. म्हणजे गिरणगावातल्या हजारो पोरांसारखाच एक.

या गिरणगावाची बोली हीच त्यांची शाळा. दहा बाय बाराची खोली, सामायिक नळ, सामायिक गॅलरी, मधली भिंत एवढी पातळ की पलीकडची शिंकसुद्धा आपलीच वाटावी. अशा ठिकाणी सगळं तोंडावर स्पष्ट बोलून चालत नाही. रोज त्याच नळावर उभं राहायचं असतं ना! मग बोलणं वळसा घेतं. रात्री रेडिओ मोठ्याने लागला की पलीकडून हाक येते, किती वाजले हो? ही वेळेची चौकशी नसते. चार दिवस दांडी मारून आलेल्या कामगाराला खात्यातला जॉबर विचारतो, काय पाव्हणं, गावाकडं पाऊसपाणी बरं आहे ना? हीसुद्धा पावसाची चौकशी नव्हे, पुढच्या दांडीला काय होईल त्याची आगाऊ सूचना आहे. आणि आपण मराठी माणसं कुणाच्याही घरून निघताना काय म्हणतो? येतो. जाताना येतो म्हणणारी आपली भाषा, तिला सरळ बोलायला कोण शिकवणार!

साधारण याच काळात, दादा विशीत असताना, तिकडे ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन नावाचे तत्त्वज्ञ याच गोष्टीचा विचार करत होते. १९५५ मध्ये त्यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण बोलतो तेव्हा नुसती माहिती देत नाही, काहीतरी करत असतो. वचन देतो, माफी मागतो, धमकावतो, बारशाला नाव ठेवतो. नाव ठेवलं म्हटलं की ठेवलं गेलं, बोलणं हेच कृत्य. ऑस्टिन यांची व्याख्यानं १९६२ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर दोन वर्षांनी, पुस्तक होऊन आली. त्यांना नायगाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण नळावरच्या कुठल्याही मावशीला त्यांचा सिद्धांत सांगितला असता तर तिने म्हटलं असतं, त्यात काय एवढं.

कृष्णाला बोलण्याची ही ताकद कळायला आयुष्याने एक जबर धक्का दिला. तरुणपणी, अपना बाजारात नोकरी करत असताना, वर्षभराच्या आत घरातली जवळची बरीच माणसं एकामागोमाग गेली. राहिले मोठे भाऊ आणि ते. त्या काळात त्यांचं बोलणंच थांबलं होतं. त्यातून बाहेर आले ते लोकांना हसवायचं ठरवून. हे वाचताना फिल्मी वाटतं, मान्य. पण पुढची पंचेचाळीसेक वर्षं त्यांनी खरोखर तेवढंच केलं.

बँड झाला, सेवादलाच्या कलापथकात काम झालं, नाटकं झाली. ‘खणखणपूरचा राजा’मधलं त्यांचं काम वसंत सबनीसांनी पाहिलं होतं. दादांनी स्वतःची कंपनी काढून त्यांच्याकडे नाटक मागितलं आणि सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहून दिलं. त्यातला हवालदार दादांनी केला. हजाराहून जास्त प्रयोग झाले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण दादांचं सगळं पुढचं यश या हवालदारात आहे. ‘विच्छा’ हे लोकनाट्य, म्हणजे तमाशाचं शहरात आलेलं रूप. तमाशात गण होतो, गौळण होते, मग बतावणी, मग वग. बतावणीत सोंगाड्याला मोकळं रान असतं. गावातला पाटील, कालची बातमी, पहिल्या रांगेतले पुढारी, कुणाचंही नाव न घेता तो सगळ्यांची काढू शकतो. तो बोलतो राजाबद्दल, प्रधानाबद्दल. प्रेक्षक ऐकतात मंत्र्याबद्दल. मंत्री समोर बसून हसतात, कारण न हसणं म्हणजे टोपी आपल्याच डोक्याची आहे हे कबूल करणं. दादा प्रयोगागणिक ताजे विषय घालत. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे बघत वाढलेल्या प्रेक्षकाला ही भाषा नवी नव्हती. नवं हे होतं की आता तीच भाषा ऐकायला दादर-गिरगावचा पांढरपेशा प्रेक्षकही तिकीट काढून येत होता. आशा भोसले ‘विच्छा’च्या चाहत्या होत्या. त्यांनीच दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले.

‘विच्छा’चे प्रयोग गाजत होते त्याच दशकात, १९६७ मध्ये, पॉल ग्राइस नावाचे आणखी एक तत्त्वज्ञ हार्वर्डला बोलायला उभे राहिले. त्यांचा प्रश्न होता, न बोललेलं समोरच्याला कळतं कसं? त्यांचं उत्तर असं, की बोलताना दोघांत एक न लिहिलेला करार असतो. समोरचा गरजेपुरतं बोलेल, खरं बोलेल, विषयाला धरून बोलेल. मध्येच कुणी हा करार उघडउघड मोडताना दिसला की आपण त्याला वेडा म्हणत नाही, तर याला दुसरंच काही सुचवायचंय, असं धरून तो अर्थ शोधायला लागतो. मित्राला पिक्चर कसा होता विचारलं आणि तो म्हणाला एसी छान होता, तर तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं. आणि ग्राइस यांनी आणखी एक बारकावा टिपला. असा सुचवलेला अर्थ मागे घेता येतो. मी कुठे पिक्चर वाईट म्हणालो, मी एसीबद्दल बोललो, असं तो मित्र म्हणू शकतो. ही पळवाट लक्षात ठेवा.

बरं, यात ग्राइस पहिले होते का? अजिबात नाही. मराठीच्या पेपरला तुम्ही शब्दशक्ती पाठ केल्या असतील. अभिधा, लक्षणा, व्यंजना. यातल्या व्यंजनेवर, म्हणजे ध्वनीवर, नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ हा अख्खा ग्रंथ लिहिला. आणि त्याने सुरुवातीलाच दिलेलं उदाहरण आपल्याकडचं आहे, गोदावरीकाठचं. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथा सप्तशती’मधली एक गाथा. नदीकाठच्या झाडीत एक देवभोळा गृहस्थ रोज फिरायला येतो. तिथेच एका बाईची आपल्या प्रियकराला भेटायची जागा आहे. ती त्याला सांगते, बाबा, आता बिनघोर फिर, तुला ज्या कुत्र्याची भीती वाटायची त्याला इथल्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं. तोंडाने म्हणते ये, कळतं येऊ नकोस. नायगावच्या नळावर ही बाई सहज खपून गेली असती.

आता १९७१. दादांनी स्वतःचा सिनेमा काढला, ‘सोंगाड्या’. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, नायिका उषा चव्हाण. नायक नाम्या, आईच्या धाकातला भोळसट पोरगा, तमाशाच्या नादी लागतो. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये तो लावायचा ठरला असताना मालकाने देव आनंदच्या सिनेमासाठी जागा द्यायचं ठरवलं. दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले. शिवसेना तेव्हा पाच वर्षांची होती. शिवसैनिक थिएटरसमोर जमले आणि ‘सोंगाड्या’ लागला. थिएटरबाहेर माणसं जमलेली असताना मालकाला केलेली विनंती ही विनंतीच असते का, हा प्रश्न ऑस्टिन यांनाही आवडला असता. शब्द विनंतीचे असू शकतात. काम कशाचं होतं ते मालकाला बरोबर कळलं.

‘सोंगाड्या’ तुफान चालला. मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’. ओळीने नऊ सिनेमे पंचवीस आठवडे चालले आणि गिनीज बुकात नोंद झाली. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’चं दिग्दर्शन दादांचं होतं आणि त्यात अशोक सराफ त्यांच्याबरोबर होते. मुंबईत हवालदाराला पांडू म्हणण्याची सवय या सिनेमानंतर घट्टच झाली. एखाद्या हवालदाराला तोंडावर पांडू म्हणून बघा, म्हणजे नुसतं नाव घेणं हे सुद्धा कृत्य कसं असतं ते कळेल. किंवा नकोच बघू.

दादांची युक्ती नेमकी कशात होती? माझ्या मते त्यांच्या शब्दांइतकीच त्यांच्या चेहऱ्यात. पडद्यावरचा नाम्या, गंगाराम, सदाशिव, कुणीही घ्या, या माणसाला दुसरा अर्थ कळतच नाही. तो शब्दाला शब्द घेणारा आहे. आये जे म्हणेल तेवढंच त्याला कळतं. त्याच्या तोंडून वाक्य निघतं ते निरागस, आणि थिएटरात हशा होतो. म्हणजे चावटपणा केला कुणी? पडद्यावरच्याने नाही, खुर्चीतल्याने. प्रत्येक प्रेक्षकाने तो दुसरा अर्थ स्वतःच्या डोक्यात स्वतः तयार केलेला असतो. हसला म्हणजे सापडला! ‘विच्छा’च्या पहिल्या रांगेतल्या मंत्र्याची जी गत, तीच आता साऱ्या थिएटरची.

सेन्सॉर बोर्डाचं दुखणं हेच होतं. कात्री चालते ती फिल्मवर, आणि आक्षेपार्ह गोष्ट तर फिल्मवर नाहीच. शब्द तपासावेत तर ते शाळेच्या पुस्तकात शोभतील असे. दादांचे सेन्सॉरशी खटके उडत राहिले आणि सिनेमे येत राहिले. ग्राइस यांनी दाखवलेली ती पळवाट आठवतेय ना? मी तसं म्हणालोच नाही. त्या पळवाटेवर दादांनी हमरस्ता बांधला.

पांढरपेशा समीक्षकांनी नाकं मुरडली. यात एक ढोंग होतं, ते बोललंच पाहिजे. एका शब्दाचे दोन अर्थ संस्कृत कवीने साधले की तो श्लेष अलंकार, परीक्षेत दोन मार्कांचा. गिरणी कामगाराच्या पोराने साधले की अश्लील. भारतमाताच्या तिकीट खिडकीसमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला या भेदाशी देणंघेणं नव्हतं. दिवसभर यंत्राच्या आवाजात, सुताच्या फुफाट्यात उभा राहिलेला तो माणूस. त्याच्या बोलीतला, त्याच्यासारखा दिसणारा, नायिकेपुढे अंग चोरणारा हिरो त्याला पहिल्यांदाच मिळाला होता.

पण म्हणून सगळं माफ करावं, असं मला वाटत नाही. तमाशाच्या सवालजवाबात दोन बाजू असतात आणि बाई उलट टोला हाणते, कित्येकदा जास्त जोरात. सुरुवातीच्या सिनेमांत उषा चव्हाण यांच्या नायिका अशा होत्या, ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. पुढे हळूहळू तोल गेला. बोलणारा एक, ऐकणारी दुसरी, आणि तिच्याकडे जवाब नाही. सिनेमांची नावं आधी गोष्टीतून यायची, मग नावावरून गोष्ट बेतल्यासारखी वाटायला लागली. आणि कलेच्या बाजूनेही तोटाच झाला, कारण पोस्टर बघताक्षणी सगळ्यांना दुसराच अर्थ दिसू लागला की पहिला अर्थ उरतो कुठे? मग ते द्व्यर्थीही राहत नाही, एकाच अर्थाचं होतं.

हे तुम्हाला सांगण्याचं कारण कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये आहे. घोळका उभा असतो, एखादी मुलगी जाते, कुणीतरी अगदी साधं वाक्य टाकतो, बाकीचे फिस्सकन हसतात. तिने जाब विचारला की उत्तर तयार, मी तर कॅन्टीनच्या समोशाबद्दल बोलत होतो, तुझ्याच मनात घाण. नाम्याचीच ढाल. फरक एवढाच, की थिएटरातला प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो आणि नको वाटलं तर उठून जाऊ शकतो. या मुलीने तिकीट काढलेलं नाही, आणि तिला पुढच्या लेक्चरला त्याच कॉरिडॉरमधून जायचंय. चाळीतला वळसा हा समोरच्याची अडचण होऊ नये म्हणून होता. हा वळसा स्वतःची मान वाचवण्यासाठी आहे.

कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. सिनेमाच्या बाबतीत, केंद्र सरकारने ६ डिसेंबर १९९१ ला सेन्सॉरसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हीन भावना उघडपणे चाळवणाऱ्या दुहेरी अर्थाच्या शब्दांना मनाई केलेली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणखी पुढे गेला. धमकी किंवा आमिष उघड असो वा सूचित, दोन्ही त्यात धरली आहेत. लैंगिक रंगाची शेरेबाजीही आली. यूजीसीचे २०१५ चे नियम विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. आनंदवर्धनाची व्यंजना अशी अकराशे वर्षांनी कायद्याच्या कलमात येऊन बसली. कॉलेजच्या तक्रार समितीपुढे बसणाऱ्यांना आता शब्दांचा अर्थ शब्दकोशात बघून भागत नाही. कोण कुणाला, कुठे, कुणासमोर म्हणालं, त्यावर कोण हसलं, हे सगळं विचारावं लागतं.

दादांचा प्रेक्षक मात्र तोपर्यंत विखुरला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेच पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. दादांनी हिंदीत हात घालून पाहिला. ‘तेरे मेरे बीच में’, ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’. नावं देशभर गाजली. पण हिंदीत त्यांच्या मागे नायगावचा नळ नव्हता, आये नव्हती, बतावणी ऐकत वाढलेला प्रेक्षक नव्हता. उरलं ते फक्त नावच. शिवसेनेच्या सभांत मात्र त्यांची जीभ चालत राहिली. प्रचाराच्या व्यासपीठावर ते पुन्हा ‘विच्छा’चे हवालदार होत, नाव न घेता समोरच्याची काढणारे.

१४ मार्च १९९८ ला दादरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. अनिता पाध्ये यांच्याकडे त्यांनी सांगितलेली आपली कहाणी ‘एकटा जीव’ या नावाने पुस्तकरूपात आहे. शीर्षक त्यांच्याच १९७२ च्या सिनेमाच्या नावातलं. सिनेमाचं नाव म्हणून ते ऐकलं की हसू येतं. पुस्तक वाचून मिटलं, एका वर्षात माणसं गमावलेला तो नायगावचा पोरगा डोळ्यांसमोर आला, की त्याच दोन शब्दांना हसता येत नाही.